देवाची वकिली

रविवार, ९ नोव्हेंबर
दुपार

ती. ताई,

नमस्कार. आम्ही सगळे ठीक. हिचा खोकला गेला. धाकटीने परवा आरशासमोर बसून स्वतःचे केस स्वतःच कापले आणि आता घरातसुद्धा टोपी घालून हिंडते. तुझ्या कंबरेचं काय? डॉक्टरांनी सांगितलेले व्यायाम करतेस, की नुसता कागद फ्रिजला चिकटवून ठेवला आहेस?

तुझं पत्र मंगळवारी आलं. रोज लिहायला बसतो आणि रोज काहीतरी काम निघतं. काल तर मी पंख्याची पाती पुसली, म्हणजे बघ.

तू लिहिलंस, 'दोन वर्षं भांडले, आता देवाला माफ केलं. सकाळी त्याच्याशी पुन्हा दोन शब्द बोलते. हे तुझ्या पत्रांमुळे झालं, बारक्या.' हे वाचल्यापासून ते पत्र खिशात घेऊन हिंडतोय.

भावोजी गेले तेव्हा तू एकच प्रश्न धरून बसली होतीस. तो सर्वशक्तिमान आहे ना, मग त्याला लिफ्टचं एक दार बंद ठेवता येऊ नये? एक तर त्याला जमत नाही, नाही तर पर्वा नाही. यातलं कुठलं, ते सांग. आणि मी, दहावीत दोनदा गटांगळ्या खाल्लेला माणूस, तुला पानंच्या पानं उत्तरं लिहीत होतो. त्याने माणसाला मोकळीक दिली आहे, दर वेळी हात धरला तर आपण कठपुतळ्या होऊ, वगैरे. कुठून सुचत होतं देव जाणे! मला वाटायचं, मी बहिणीला सावरतोय. खोटं. तू देवाकडे बघत होतीस तोवर माझ्याकडे बघणार नव्हतीस, म्हणून मी ते भांडण चालू ठेवलं.

आता सांगतो.

भावोजींच्या ऑफिसची लिफ्ट देखभालीला माझ्याकडे होती, हे तुला माहीत आहेच. तिसऱ्या मजल्यावरच्या दाराचा स्विच खराब झाला होता. दार नीट लागलेलं नसेल तर लिफ्ट हलू नये, यासाठी तो असतो. तो बिघडल्यामुळे दार लावलं तरी लिफ्ट अडायची. नवा स्विच सोमवारी येणार होता. आमच्यात तपासणीपुरती एक तार जोडतात, म्हणजे लिफ्टला वाटतं सगळी दारं बंद आहेत. ज्यांच्या हाताखाली शिकलो ते वस्ताद पहिल्या दिवसापासून बजावायचे, तार आत असेल तोवर फ्यूज तुझ्या खिशात, म्हणजे लिफ्ट बंदच. लोक बोंबलले तर बोंबलू देत.

त्या गुरुवारी मी तार जोडली आणि फ्यूजही लावला. विसरलो नाही, ताई. विसरलो असतो तर आज इतकी लाज वाटली नसती. जिने चढून लोक वैतागले होते, मला बोलणी खायचा कंटाळा आला होता, आणि मनात म्हटलं, तीन-चार दिवसांत काय होतंय! खाली वॉचमनने विचारलं, "दाराचं झालं का हो?" मी म्हटलं, "झालं." वहीत 'दुरुस्त' लिहून सही ठोकली.

शुक्रवारी तिसऱ्या मजल्यावर उतरलेल्या कुणीतरी दार अर्धवट ठेवलं. खालून कुणी बटण दाबलं, लिफ्ट निघून गेली. भावोजी हनुवटीपर्यंत फायली घेऊन आले. दार उघडं म्हणजे लिफ्ट आहे, असंच कुणीही समजेल.

मला फोन आला. मी धावत गेलो तो आधी वर, मशीनरूममध्ये. त्यांच्याकडे नाही. तार काढून मोज्यात घातली आणि मग खाली उतरलो. लोक सांगतात, तोवर त्यांचा श्वास चालू होता. चौकशीत 'जुनं दार' असं लिहिलं गेलं. तू माझा शर्ट धरून विचारलंस, "हे कसं झालं रे?" मी म्हणालो, "त्याची मर्जी."

त्या गुरुवारी सकाळी भावोजींनीच फोन केला होता, "अरे, चालू कर ती लिफ्ट, गुडघे गेले आमचे!" आज सकाळी तुला लिहिलेल्या पत्रात मी हे सगळ्यात वर लिहिलं होतं. ते फाडलं. चालू कर म्हणाले होते ते, आणि माझ्या भरवशावर म्हणाले होते.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर मला अजून येत नाही. राहून राहून तो वॉचमन आठवतो. सरळ तोंडावर विचारलं होतं त्याने. वस्तादांनी तर वर्षानुवर्षं कानीकपाळी ओरडून सांगितलं होतं. आणखी कसं थांबवायचं देवाने मला, मनगट धरून? की धरायलाच हवं होतं? निदान भावोजींसाठी? मला कळत नाही, आणि आता त्याची वकिली तर मुळीच करायची नाही.

घडलं ते सगळं मी वेगळ्या कागदावरही लिहिलंय, सहीनिशी. आधी वाटलं, तो तुला पाठवावा, काय करायचं ते तू ठरव. मग स्वतःचीच किळस आली. पुन्हा दुसऱ्याच्या गळ्यात! उद्या सकाळी मीच तो घेऊन पोलीस ठाण्यात जातोय. हिला आत्ता सांगितलं. ती धाकटीला घेऊन आतल्या खोलीत गेली.

माफी मागत नाही. ज्याने काही केलं नव्हतं त्याला तू ती देऊन बसलीस, आणि मी शेजारी उभा राहून ती देऊ दिली. देवाशी तुझं जे काय असेल ते तुझं तू ठरव. फक्त आधी माझी सगळी पत्रं जाळ.

उत्तराची वाट बघणार नाही, असं लिहिणार होतो. तेही खोटंच झालं असतं.

तुझ्या नवऱ्याच्या ऑफिसचा
लिफ्ट मेकॅनिक