महोगनीची मान

२ मार्च, रविवार
मृणालीची गिटार मोडली. दिवाणावर चादरीखाली ठेवली होती, मी बसलो. चूक ठेवणाऱ्याची. बसणारा बसणारच, दिवाण त्यासाठीच असतो. बरोबर मानेत तुटली. दोन वर्षं लहान मुलांच्या ट्यूशन घेऊन पोरीने स्वतःच्या पैशाने घेतलेली. रडली नाही, लोंबणाऱ्या तारा गुंडाळून ठेवल्या. चौदा एप्रिलला कॉलनीच्या जयंतीत तिचं वादन आहे.
मी जाहीर केलं, नवी मान मी बनवणार. संघमित्रा म्हणाली, दुकानात दाखवू. बायकोला कळत नाही की बावीस वर्षं मी भूगोलात विषुववृत्तीय जंगलं शिकवतोय. लाकडातलं मला कळणार नाही तर कोणाला?

४ मार्च
अभ्यास पूर्ण. दोन तास लागले. शिसम जड. सागवान म्हणजे दाराचं लाकूड, अख्ख्या जळगावची दारं सागवानाची आहेत. मान महोगनीचीच. हलकी, सरळ, जगात मान्य.
संकल्प: रोज पहाटे एक तास सुतारकाम.

९ मार्च, रविवार
मृणालीला घेऊन धुळे. रूपचंद नानांची लाकडाची वखार. नानांनी जुन्या पाडलेल्या इमारतीची सागवानी तुळई दाखवली. म्हणाले, हाई चाळीस वरीसनं सुकेल शे, इतलं सरळ परत भेटाव नही. मी हसलो. महोगनी मागितली. मागे एक लाल फळी होती. बोटाने टकटक केलं, डोळे मिटले. घंटेसारखा नाद. नाना म्हणाले, महोगनी म्हणून आली खरी, पण मी सांगू शकत नाही, आणि वजन जास्त लागतंय. मी त्यांना घनता समजावली. नाना गप्प झाले. अडाणी माणूस हरला की गप्प होतो.

१५ मार्च, शनिवार
पारोळ्याला हिलाल मिस्तरी. दारं करतो, हार्मोनियमही दुरुस्त करतो. मृणाली याही वेळी सोबत होती. फक्त फळी सरळ कापून हवी होती. मिस्तरीने फळी गालाला लावली. गालाला! म्हणाला, थंडी लागी ऱ्हायनी, वल्लं शे. वाकी जाई. फळी ओली, वर रेषाही तिरक्या आहेत म्हणे. मी विचारलं, आजवर किती गिटारी केल्या? म्हणाला, एकही नाही. विषय संपला. कापून दिली.
बस लागली तरी मृणाली त्याच्याशीच बोलत उभी. पोरीला कोणाशी किती बोलावं कळत नाही.

२३ मार्च, रविवार
पहाटेचं जमलं नाही. पहाटे हात आखडतात, हे शास्त्रीय आहे. दुपारी गच्चीवर काम. फळी पत्र्यावर उन्हात ठेवली, चार दिवसांत सुकली. लोक वर्षं घालवतात.
शाळेत चंदन सर म्हणाले, सगळ्या तारा मिळून साठ-सत्तर किलोचा ताण येतो, विचार करा. फिजिक्सवाल्यांना सगळीकडे ताणच दिसतो.
मृणालीचे हल्ली शनिवार-रविवार जादा लेक्चर. घरात मदतीला कोणी नाही.

३० मार्च
मान तयार. जोडली. संघमित्रा म्हणाली, कुदळीचा दांडा वाटतो. तिच्या माहेरी कुदळच पाहिलेली.
किंचित वाकली आहे. गिटारच्या भाषेत याला रिलीफ म्हणतात. मुद्दाम ठेवतात.

५ एप्रिल
रिलीफ वाढला. आता डावीकडेही आहे. मृणालीने तारेखाली करंगळी घातली, मग अंगठा. दोन्ही गेले. म्हणाली, छान आहे पप्पा, आणि आत गेली. भारावली होती.

८ एप्रिल
पारा त्रेचाळीस. दुपारी दोनला आवाज झाला. कोणी हात लावलेला नव्हता. मान उभी फाटली.
संध्याकाळी एका विद्यार्थ्याचे वडील मार्कांची तक्रार घेऊन आले. वनखात्यात आहेत. तुकडा उचलून म्हणाले, सर, ही निलगिरी. ओली कापली की अशीच पिळते. मी म्हणालो, पुन्हा बघा. त्यांनी पुन्हा बघितलं. निलगिरी. ऑस्ट्रेलियाच्या धड्यात मी ती दर वर्षी शिकवतो. मार्क एक वाढवून दिला.
नाना फसवे आहेत.

९ एप्रिल
नाना म्हणाले होते की सांगू शकत नाही. तरी ‘सांगू शकत नाही’ हे त्यांनी ठामपणे म्हणायला हवं होतं.
मृणाली गिटारचं धड पोत्यात घालून घेऊन गेली. टाकायला असणार. विचारलं नाही.

१३ एप्रिल, रविवार
गिटार परत आली. नवी मान. सागवान, नानांच्या त्याच तुळईची. पारोळ्याच्या मिस्तरीकडून. दिव्याखाली धरून तासभर तपासली. दोष शोधत होतो. खिळ्याचं एक जुनं भोक सापडलं, तेही भरलेलं.
दार वाजतंय म्हणायचं ठरवलं आहे.

१४ एप्रिल, सोमवार
वाजवली. मंडपात पंखेही बंद करायला लावले लोकांनी, ऐकू यावं म्हणून. मी मागे उभा होतो. दारासारखं वाजलं नाही.
हिलाल मिस्तरी आला होता, धुतलेला शर्ट घालून. त्याच्याकडे गेलो. ठरवून गेलो की मोठेपणा दाखवायचा. म्हणालो, मिस्तरी, पहिल्या गिटारीच्या मानाने काम बरं केलंत.
तो म्हणाला, सर, मान तुम्हनी पोरनी घासी. चार आठवडे ई ऱ्हायनी. मी निस्तं दखाडं. म्हणजे त्याने नुसतं दाखवलं, आणि ते जादा लेक्चर पारोळ्याला होते.
घरी येऊन मृणालीला विचारलं, मला का नाही सांगितलंस. ती म्हणाली, तुम्ही ऐकलं नसतं. मग म्हणाली, आणि तुम्ही गच्चीवर इतके खूश होता.
यावर लिहायला बराच वेळ बसलो.
संकल्प: आज नाही.