तळहातावरचे फोड

सर, तुम्ही जाऊन बरीच वर्षं झाली, तरी आज अकोल्यात एका पोराचा गळा चाचपताना कानात तुमचाच आवाज होता. अमरावतीच्या त्या कोंदट ओपीडीत मी लांबूनच फोड बघून ऐटीत ‘कांजण्या’ म्हणाले होते आणि तुम्ही सगळ्यांसमोर झापलं होतं, “पोरी, पयले गया चाचप, मंग फोड पाय. इतकी कायची घाई हाये तुले?” फार राग आला होता तुमचा.

हा हिवरखेडचा, घरची फुलशेती, नुकताच आखातातल्या नोकरीवरून परतलेला. ताप, मानेत सुपारीएवढ्या गाठी, चेहऱ्यावर आणि तळहातांवरही फोड. खोल, टणक, मध्ये खळगा पडलेले आणि सगळे एकदमच पिकत आलेले. कांजण्यांत जुने-नवे फोड शेजारीशेजारी दिसतात, तळहात बहुधा सुटतात. हा मंकीपॉक्सच असणार. नमुना पाठवलाय, त्याला वेगळं ठेवलंय. पण मला धास्ती आहे ती त्याच्या हाताची. फोड म्हणजे मातामाय, देवीच अंगात आली म्हणून आईनं औषध बंद केलं होतं, आणि खाज सुटली की ती कडुनिंबाच्या डहाळीनं अंग झाडायची. त्यात फोड फुटले, जंतू शिरले. कोपराजवळ पू भरलाय, भोवतीची कातडी लाल, गरम, बोट लावू देत नाही. उतरलेला ताप परत चढलाय. सकाळी लालीची कड पेनानं आखली होती, दुपारी लाली तिच्या बाहेर गेलेली.

आई आडवी आली. “डाक्टरीन बाई, सुई नोका टोचू. मातामाय कोपन.”

माझा तोल गेला. “ही मातामाय नाही, बाहेरून आलेला रोग आहे. आणि आता हात सडायला लागलाय. विष रक्तात भिनलं तर पोरगं हाती लागणार नाही!”

तिनं पोराच्या कपाळावर हात ठेवून पाहिला. मग बाजूला सरकली. “टोचा. पन मातामाय नाई, तं मी हात कोनापुढं जोडू?”

मी हातमोजे चढवले, सर. सुई दिली, सलाइन लावलं. लाली अजून थांबलेली नाही आणि मला भीती वाटते आहे.

हा कागद कुठे धाडणार? माझ्यापाशीच राहील. एवढंच सांगते, तिला बोलले त्यातला शब्दही खोटा नव्हता. पण ती जोडायला उचललेले हात तसेच मांडीवर घेऊन बसली, तेव्हा वाटलं, मातामायच असती तर बरं झालं असतं.