अर्धी गोळी

॥ श्री ॥
सोलापूर,
ता. २० जानेवारी १९८७

ती. सौ. केशरवहिनीस,
शिवकन्येचा सा. न. वि. वि.

औरंगाबाद गाडीच्या कंडक्टरकडे सुलतानच्या गोळ्यांचे पुडके दिले आहे. स्टँडवर दादाला उभे करावे. गोळ्या साठ आहेत, प्रत्येक तीस मिलिग्रामची. सकाळी एक आणि बारा तासांनी एक, भाकरीच्या घासात. एक वेळ जरी चुकली तरी फेफरे पुन्हा येऊ शकते, आणि प्रत्येक फेफऱ्यात कुत्रा जाण्याची भीती असते. तुम्ही हे जाणता, तरी लिहिते.

तुम्ही लिहिले की तो आता तुमच्याशिवाय कोणाच्या हातचे खात नाही. वडवणीच्या बाजारातून मी त्याला ओढणीत गुंडाळून आणला तेव्हा तो दीड महिन्याचा होता. फार्मसीच्या शिक्षणासाठी घर सोडेपर्यंत माझ्या खाटेखाली झोपत असे. जनावराला खाऊ घालणाऱ्याची सवय होते. याहून जास्त अर्थ त्यात काढू नये.

पुडक्याला रोजगार हमीवरची तीन दिवसांची मजुरी पडते, असे दादा दर पत्रात ऐकवतो. ती माझ्या पगारातून जाते. दुष्काळ घरात आहे, माझ्या पगारात अजून नाही, असे त्याला सांगावे.

तुम्ही माझ्याहून दोन वर्षांनी लहान, तरी नमस्कार मीच करायचा. यात तुमचा दोष नाही.

ती. आईस नमस्कार. लोभ आहे तेवढा राहू द्यावा.

आपली,
शिवकन्या


॥ श्री ॥
चौसाळा,
ता. ८ फेब्रुवारी १९८७

प्रिय शिवकन्याताईंना,
केशरचा सप्रेम नमस्कार, वि. वि.

पुडकं पोचलं. तुमचं पुडकं आलं की तुमचे दादा समद्या स्टँडवर सांगत्यात की आमची ताई कुत्र्याला बी सोलापूरचं औषध खाऊ घालती. परवा हॉटेलवाला म्हनला की मला बी तुमच्या घरचं कुत्रं करून घ्या, माझा खोकला दोन महिने झाले जाईना. लई हसले लोक.

आपल्या दोन्ही गाई छावणीत हायत. मी दिवसभर तिथंच असते आन सुलतान माझ्या मागं. चाऱ्याच्या रांगंत बी उभा राहतो, जसं काय त्याच्या नावावर पेंढी निघनार हाय.

एक चांगली गोष्ट लिहिते. सहकारी दूध संघाचे डॉक्टर छावणीत येत्यात. त्यांना मी सुलतानचं विचारलं. ते म्हनले की तीसच्या दोन गोळ्या घेन्यापेक्षा साठची एक घ्या आन मधोमध मोडा, अर्धी सकाळी, अर्धी संध्याकाळी. औषध तेवढंच जातं. साठची गोळी तीसच्यापेक्षा जरा महाग असती, पर निम्म्याच लागत्यात. संघाच्या औषध भांडारात सभासदाला अजून सवलत हाय. सभासद पुस्तक माझ्या नावावर, म्हनून चिठ्ठीवर मालक म्हनून त्यांनी माझंच नाव लिहिलं.

साठच्या गोळ्यांचा एक पत्ता आनून ठेवलाय. पन तुम्हाला इचारल्याबिगर द्यायची न्हाई. तुमच्या गोळ्या वीस तारखेपर्यंत पुरतील. त्याच्या आत कळवा. तुमचा निम्म्याहून जास्त खर्च वाचंल, त्यात स्वतःला एक साडी घ्या. मागच्या दिवाळीला बी तीच निळी नेसलात.

आईंचे आशीर्वाद. आमच्यावर माया असू द्या.

तुमची,
केशर


॥ श्री ॥
सोलापूर,
ता. १२ फेब्रुवारी १९८७

ती. सौ. केशरवहिनीस,
सा. न. वि. वि.

पत्र पोचले. निळी साडी मला आवडते.

गोळीबद्दल. मी नोकरी करते त्या औषध भांडारात जी साठची गोळी येते तिच्यावर मधोमध रेघ नाही. रेघ नसलेली गोळी मोडली तर दोन तुकडे सारखे होत नाहीत. एका वेळी औषध कमी जाते, दुसऱ्या वेळी जास्त. म्हणून गोळी मोडून देऊ नये. नेहमी अख्खी द्यावी. छावणीतल्या डॉक्टरांचा अभ्यास गाई-म्हशींचा असेल. सुलतानचा माझा आहे.

चिठ्ठीचेही लिहिते. येथील जनावरांच्या डॉक्टरांनी त्याचा पहिला कागद माझ्या नावे केला आहे. एका रोग्याचे दोन मालक कागदोपत्री असू नयेत. ती चिठ्ठी फाडावी.

भांडारात मालाची मोजदाद चालू असल्याने माझे पुडके या वेळी अठ्ठावीस तारखेला निघेल.

कळावे.

शिवकन्या


॥ श्री ॥
चौसाळा,
ता. २७ फेब्रुवारी १९८७

प्रिय ताईंना,
केशरचा नमस्कार, वि. वि.

सुलतानपाशी बसून लिहितेय, अक्षर समजून घ्या.

वीस तारखेला तुमच्या गोळ्या सरल्या. एक वेळ जरी चुकली तरी फेफरं येतं, हे तुमचंच वाक्य. घरात साठचा पत्ता तेवढा व्हता. तुम्ही लिहिलं व्हतं की मोडायची न्हाई, अख्खीच द्यायची. या गोळीवर रेघ व्हती, ताई. बोटानं लागत व्हती. तरी मी मोडली न्हाई. अख्खी दिली, सकाळी बी आन संध्याकाळी बी.

तिसऱ्या दिवशी तो दारू प्यायल्यावानी चालाय लागला. चौथ्या दिवशी छावणीत हौदापाशी पडला. मागचे पाय उचलंनात. हाक मारली तर डोळा उघडायचा आन मिटायचा. डॉक्टरांनी बघितलं आन इचारलं की दुप्पट औषध कुनी सांगितलं. मी म्हनले, माझीच चूक झाली. तुमचे दादा चारचौघांत बोलले की तुला शेनापलीकडं काय कळतं, ताईला का इचारलं न्हाईस.  तुमचं पत्र पेटीत तळाला ठेवलं. तुम्ही औषधावर पोट भरता. तुमच्या नावाला डाग नको.

आता डॉक्टर रोज येत्यात, ठरवून देतील तेवढंच औषध देतोय. काल पानी प्याला. उभा मातर राहत न्हाई. राहील का, ते डॉक्टर बी सांगंनात.

तुमच्या दादांनी ठरवलंय की माझ्या हातानं औषध द्यायचं न्हाई. चिठ्ठी त्यांनीच फाडली. गोळ्या पहिल्यासारख्या तुमच्याच येनार. तुमच्या मनासारखं झालं.

एक इचारते, राग धरू नका. अर्ध्या गोळीचं छावणीतल्या डॉक्टरला ठावं हाय, तर दीड वर्ष गोळ्या पाठवताय, तुम्हाला ठावं नव्हतं का?

माया करावी ही विनंती.

केशर


॥ श्री ॥
सोलापूर,
ता. ३ मार्च १९८७

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

हे पत्र रजिस्टरने आणि तुझ्या नावे पाठवते, कारण वहिनींच्या हाती पडले तर त्या ते पेटीत ठेवतील.

सुलतानला अख्खी गोळी द्या, असे मी लिहिले होते. बारा तारखेचे पत्र वहिनींकडे आहे, मागून घे. त्यांनी वेळेत विचारले होते आणि डॉक्टरांनी बरोबर सांगितले होते. घरात फक्त साठच्या गोळ्या आहेत हे मला माहीत होते. वीस ते अठ्ठावीस या आठ दिवसांत काय द्यायचे, ते मी लिहिले नाही. विसरले नव्हते. माझ्या गोळ्यांवाचून त्यांचे अडावे, असे वाटले होते. कुत्र्याचे काय होईल, हा विचार मी केला नाही, आणि माझे शिक्षण नेमके त्याच विचाराचे आहे.

वहिनींनी आणखी एक विचारले आहे, त्याचे उत्तर तुझ्यासमोर देते. साठची गोळी अर्धी करता येते, हे मला पहिल्या महिन्यापासून माहीत होते. रेघ असलेली गोळी सोलापुरात दुसऱ्या दुकानात मिळते. ती घेतली असती तर पुडके महिन्याला नाही, दोन महिन्यांनी पाठवावे लागले असते. दर महिन्याला त्या घरात माझे नाव निघावे, म्हणून मी दुप्पट खर्च केला. परवडत नव्हता.

आता व्यवस्था लिहिते. माझी पुडकी बंद. सध्या डॉक्टर सांगतील तेवढेच औषध, आणि वहिनींच्याच हाताने. त्यांचे वेळेचे भान माझ्यापेक्षा पक्के आहे. पुढे डॉक्टरांकडून नवी चिठ्ठी घ्यावी, मालक सौ. केशर. हे मी आनंदाने लिहीत नाही. तीन वेळा लिहिले, दोन कागद फाडले.

तू चारचौघांत बोललास, तर हे पत्रही छावणीत, चारचौघांत वाच. माझे नाव गाळू नको.

तो उभा राहिला तर एका ओळीचे कार्ड टाक. न राहिला तरी टाक. पण उभा राहून आधी कोणाकडे गेला, ते मला कळवू नको.

ती. आईस नमस्कार. या पत्रानंतर धाकट्या बहिणीवरचा लोभ जेवढा उरेल, तेवढा असावा.

तुझी,
शिवकन्या