आषाढातली होडी आणि मी

१२ फेब्रुवारी
मिळालं! सहा महिन्यांचं ट्रेनिंग, टीव्ही मालिकेच्या सेटवर, पेणकरपाड्याच्या पुढच्या स्टुडिओत! चॅनेलने यंदा पहिल्यांदाच दिव्यांगांसाठी चार जागा काढल्या. त्यातली एक माझी.

मुलाखतीत निर्माते जितेंद्र सर प्रश्न विचारत होते आणि मला एक अक्षर कळेना. डावा कान बंदच, उजव्याला मशीन लावून थोडंफार, बाकी सगळी भिस्त समोरच्याच्या ओठांवर — आणि ओठांवर ही भलीमोठी मिशी! शेवटी म्हटलं, "सर, मिशी जरा वर धरता का? दिसत नाहीये काय बोलताय ते." बाजूचे दोघे गारठले. सर हसून हसून लाल! उरलेली मुलाखत त्यांनी मिशी बोटाने वर धरून घेतली.

आई कोळंबी सोलत होती. म्हणाली, "जा गो. पन कुनी वाकडं बोललं तर ऐकून घ्यायचं न्हाय." म्हटलं, "तसंही मला कुठे ऐकू येतंय?" दोघी खो खो हसलो.

१७ फेब्रुवारी
काम कंटिन्युइटीचं. काल अर्धा शूट झालेला सीन आज पुढे करायचा तर पदर, टिकली, चहाचा कप — सगळं कालच्यासारखं हवं. ते बघायचं. शिकवणार नीलम मॅडम, वीस वर्षं हेच करतायत. मला बघून जितेंद्र सरांना म्हणाल्या, "ऐकू येत नाही हिला. सेटवर टिकायची नाही." माझ्यासमोर! अहो बाई, ओठ वाचते मी!

सहा महिन्यांनी मला ठेवायचं की घरी पाठवायचं, ते ह्यांच्याच रिपोर्टवर ठरणार. झालं कल्याण.

३ मार्च
'ॲक्शन' म्हटलेलं कळलं नाही. टेक चालू असताना कॅमेऱ्यासमोरून चालत गेले. एका दिवसात तीनदा! धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं.

५ मार्च
दिग्दर्शक कौस्तुभ सर आता 'ॲक्शन' म्हणताना हात उंच करतात. त्यांचं बघून लाईटवाले, मेकअपवाले, सगळेच हात वर करतात. मॅडम सोडून.

९ मे
मालिकेतल्या सासूच्या किल्ल्यांचा जुडगा काल उजव्या कमरेला होता, आज डाव्या! मॅडमच्या वहीत नव्हतं, माझ्या डोक्यात होतं. मॅडम म्हणाल्या, "हं." तीन महिन्यांतलं पहिलं हं! येताना स्टेशनजवळ जिलबी घेतली.

१७ जुलै
नीट लिहिते.

मालिकेतलं घर कोळ्यांचं. सीनचे कागद नेहमीसारखे ऐन वेळी आले, आज दुपारी. सीन दीप अमावास्येचा. सून दिवे लावते आणि म्हणते, "बाबा पहाटेच होडी घेऊन गेलेत." आषाढात? मासेमारी बंद असते! होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या असतात. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ दिल्याशिवाय आमच्यात कुणी होडी काढत नाही, आणि हे बाबा पंधरा दिवस आधीच निघाले! भाईंदरचा आमचा अख्खा कोळीवाडा ही मालिका बघतो. हसून हसून मेले असते सगळे.

मॅडमना सांगितलं. "गोष्ट लेखकाची. तू किल्ल्या बघ."

कौस्तुभ सरांचा हात वर गेला. माझाही गेला. उभी राहिले आणि "थांबा, चूक आहे!" — केवढ्याने ओरडले देव जाणे. सगळा सेट माझ्याकडे वळला. मॅडमचा चेहरा पांढराफटक. वाटलं, गेला रिपोर्ट, उद्यापासून आईबरोबर मासळी बाजारात. पण आता तोंड उघडलंच होतं, तर सगळं सांगून टाकलं. सरांनी लेखकाला फोन लावला. दहा मिनिटांत नवं वाक्य आलं: "बाबा जाळी शिवायला बसलेत."

जिंकले!! पहिलाच टेक ओके.

१९ जुलै
मॅडम दोन दिवस माझ्याशी बोललेल्या नाहीत. चारचौघांत त्यांची चूक काढली गेली, खरं आहे. भीती वाटतेय. पण पुन्हा तसंच झालं तर पुन्हा ओरडेन.

२४ जुलै
आज एपिसोड लागला. आईने आळीतल्या सगळ्या बायका गोळा केल्या होत्या. जाळीचं वाक्य आलं आणि टीव्हीकडे बोट करून म्हणाली, "ह्ये माज्या पोरीनं केलंय!" कुणाला काही कळलं नाही. तरी सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

१६ ऑगस्ट
राहिले! कायमची! आणि पुढच्या वर्षी आमच्यासारख्यांसाठी चार नाही, आठ जागा!

जितेंद्र सरांनी रिपोर्ट वाचायला दिला. मॅडमनी एकच ओळ लिहिलीय — 'ही असेल तर मी सुट्टी घेऊ शकते.' सर म्हणाले, वीस वर्षांत त्यांनी धड सुट्टी घेतलेली नाही. मी तिथेच भोकाड पसरलं. मग भूक लागली, दोन वडापाव खाल्ले.

१८ ऑगस्ट
मॅडम आज केस वर बांधून आल्या. कानामागे मशीन! सगळ्या युनिटसमोर मला विचारलं, "समिधा, तू सेल कुठून घेतेस गं? मी अकरा वर्षं लपूनछपून पार दादरहून आणतेय."