दिसतंय तोवर

१० नोव्हेंबर १९९८
रजा टाकली. कुंदाला घेऊन मुंबईला, डोळ्यांच्या इस्पितळात. डॉक्टर तरुण, बोलणं सरळ. डोळ्याच्या पडद्याचा आजार. औषध नाही, ऑपरेशन नाही. आधी अंधारातलं जातं, मग नजर कडांनी मिटत आत येते. कधीपर्यंत, सांगता येत नाही.
"माहेरी कोणाला होतं?"
कुंदाची आई उंबरमाळीला, दिवेलागणीनंतर अंगणात पाय टाकत नसे. भुताखेताला भिते असंच सगळे समजत. मीसुद्धा.
"मुलगी आहे ना? तिलाही एकदा घेऊन या."
जिन्यात कुंदा थांबली. "रेखाला यातलं काय बोलायचं नाय. दहावी हाय तिची. पुस्तक मिटून बसंल." मग खाली उतरल्यावर, "एवढ्यात घरी नको. मुंबई दाखवा मला. दिसतंय तोवर."
कामाला आसनगाव ते कुर्ला, एवढीच माझी मुंबई. विचारत विचारत गिरगावात गेलो. एका चाळीत वरच्या गॅलरीत कोणी बाई काठीनं ओलं लुगडं दोरीवर टाकत होती. ते सरळ होईपर्यंत कुंदा खाली उभी.

२२ नोव्हेंबर, रविवार
दादरचा फुलबाजार. झेंडूचे ढीग. एका पाटीवाल्याला कुंदाचा धक्का लागला, बाजूनं आलेला तिला दिसला नाही.
"ओ बाई, आंधळी हाय का?"
"अजून नाय," कुंदा म्हणाली. शांतपणे. तो पाटी सावरून पुढं गेला.
माटुंग्यापर्यंत चालत गेलो. तिथं कॉफी घेतली. तिला कडू लागली. पण ती वाटी-पेल्यातून वरून ओततात, ते बघायला तिनं माझ्यासाठी परत मागवायला लावली.

१३ डिसेंबर
भाऊचा धक्का. लाँचा, बर्फ, ओरडा. तिनं समुद्र कमी पाहिला, माणसं जास्त. एका कोळणीच्या तोंडाकडं इतकी टक लावून बघत होती की तिनं विचारलं, "वलख हाय का गो?" कुंदा हसली. परतताना म्हणाली, "तोंडं लक्षात राहिली पायजेत. बाकी हातानं कळंल."
आता तिच्या उजव्या बाजूनं चालतो. तिकडचं जास्त गेलंय.

२७ डिसेंबर
मुंबई पुरे झाली म्हणाली. पाणी बघायचंय. तानसा तलाव, रेखालाही घेतलं. भाकरी, सुकट, कांदा. मायलेकी पाण्यात पाय सोडून. रेखा शाळेतल्या बाईंची नक्कल करत होती. कुंदा पोट धरून हसली. बऱ्याच दिवसांनी.
निघायला उशीर झाला. सूर्य बुडालेला, पण आभाळ उजळ, मला वाट स्पष्ट दिसत होती. कुंदा माझ्या हाताला. आणि मागून रेखानं माझा सदरा धरला.
"बाबा, हळू चाला ना."
मी वळून पाहिलं. पाय चाचपत टाकत होती. तिच्या आजीसार…
कुंदाला यातलं काही दिसलं नसावं.

२८ डिसेंबर
काल पुढं लिहवेना. आजही नाही.

३ जानेवारी १९९९
ठाणे, तलावपाळी. कुंदाला बाकावर बसवून मी नि रेखा शेंगदाणे आणायला गेलो. गाडीवाल्यासमोरच बोलली.
"बाबा, मला पण संध्याकाळचं नीट दिसत नाय."
"कधीपासून?"
"सातवीत होते तेव्हापासनं."
"बोलली का नाहीस गं?"
"आईला वाटंल तिच्यामुळं झालं. तुमी सांगू नका तिला. शप्पत आहे माझी."
आई म्हणते लेकीला सांगू नका, लेक म्हणते आईला. रेखा पुढं गेली, मी पुडी घेऊन मागून बाकाकडं आलो. दोघींच्या मध्ये जागा ठेवली होती माझ्यासाठी.

७ जानेवारी
कामावरून इस्पितळात फोन केला. मुलीला पुढच्या मंगळवारी आणा म्हणाले. हो म्हटलं. कोणाला विचारून म्हटलं?
वेगळंही काही असेल. अशक्तपणा असेल. डॉक्टर बघितल्याशिवाय आपण कशाला…

१० जानेवारी
भातसा. धरणाच्या मागच्या बाजूला, पाण्याकाठी. वारा गार. रेखा हातपाय धुवायला खाली उतरली. कुंदा समोर पाण्याकडं बघत होती, माझ्याकडं न बघता म्हणाली,
"तानश्याला तिनं तुमचा सदरा धरला होता ना?"
"तुला दिसलं?"
"दिसायला कशाला पायजे. तिचा आवाज ऐकला मी. माझी आय अशीच बोलायची, हळू चाला म्हणून."
शप्पत आठवली, पण ती आता कोणासाठी पाळायची?
"किती दिवस झाले तिला?"
"तिलाच विचार."
"मला नाय जमणार. तुमी बोलवा तिला."
मी उभा राहिलो. दुपारच्या उन्हात पाणी लखलखत होतं. रेखाला हाक मारली. तिनं वर पाहिलं, ओढणीला हात पुसले, आणि आम्हा दोघांची तोंडं बघत चढण चढू लागली. कुंदानं सरकून शेजारी जागा केली.