अख्खा फोटो

१२ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

परवाच्या व्याख्यानात मी मैदान मारलं! आमच्या संस्थेला एकट्या म्हाताऱ्यांसाठी सोबती हवेत, हे वर्षभर आकडे फेकून सांगत होतो आणि लोक खुशाल जांभया देत होते. या वेळी पडद्यावर फक्त आपले बाबा लावले. भाचीने पाठवलेला तो जेवणाच्या टेबलापाशी बसलेला फोटो. सभागृहातल्या जांभया बंद. बायका डोळे पुसत होत्या. आता दवाखान्यांतून पोस्टरही लागलंय. बाबांना सांग, हिरो झालात! तुझा गुडघा काय म्हणतो?

माया पातळ होऊ देऊ नकोस,
धाकटा

२० जून

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

फोनवर तोंडातून भलतंच गेलं असतं, म्हणून लिहितेय. बाबांचं बीपी तपासायला गेलो, तर भिंतीवर बाबा. एकटे. खाली ठळक अक्षरांत, ‘यांना कुणी नाही’. बाकावरच्या बायका एकदा भिंतीकडे बघत, एकदा माझ्याकडे. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाबा मात्र जवळ जाऊन निरखत राहिले. मग म्हणाले, “अगं, समोर तू दूध निववत बसली होतीस. तुला कुणी काढलं?”

छापताना राहिलं असेल, असं खोटंच सांगितलं. तुझी लाज मी का झाकली, देव जाणे. आता ते तपासायला यायलाच तयार नाहीत. लोक माझ्या लेकीला नावं ठेवतात, म्हणतात. गुडघा आहे तसाच आहे.

रागावलेली, तरी तुझीच,
ताई

२ जुलै

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

मान वर करवत नाही. कात्री मीच चालवली. तू दिसलीस की फोटो उदास वाटेना, एवढंच कारण. पोस्टरं दवाखान्यांत फिरून स्वतः उतरवली.

काल त्याच सभागृहात अख्खा फोटो लावला. ही माझी बहीण, बाबांचं सगळं हीच करते, मी हिला कापलं होतं, असं सांगितलं. कुणी रडलं नाही. मला वाटलं, सुटलो. तेवढ्यात मागून एका बाईंनी विचारलं, “यात तुम्ही कुठे आहात?”

मी वळून पडद्याकडे पाहिलं. मला तर कुणी कापलंच नव्हतं, ताई.

शनिवारी येतोय. बाबांची समजूत मी घालीन, तपासायलाही मीच नेईन. घरात घेशील, एवढाच लोभ असू दे.

तुझा,
धाकटा