अठरा हजार प्लेटलेट

सर, परवा माझ्या लेकीचं रक्त मीच काढलं. बारा वर्षांची आहे, तुम्ही देवाघरी गेलात त्यानंतर झाली. तापाच्या दुसऱ्या दिवशी डेंग्यूची एनएस-वन पट्टी पॉझिटिव्ह आली तेव्हा मी घाबरले नाही. आखाडा बाळापुरात या दिवसांत डेंग्यूचे चार-पाच रिपोर्ट रोज माझ्याच हातून जातात. पांढऱ्या पेशी उतरल्या, प्लेटलेट लाखाखाली आल्या, हेही ठाऊक होतं. पाचव्या दिवशी ताप उतरला, डेंग्यू पक्का करणारी आयजीएमची रेघही पट्टीवर उमटली, आणि मशीननं प्लेटलेट दाखवल्या अठरा हजार.

डॉक्टर म्हणाले, नांदेडला हलवा. तिचे बाबा दारातूनच म्हणाले, "गाडी बोलावून राहिलो, तू कपडे भर." रिपोर्टवर सही करायला पेन उचललं आणि कळमनुरीची तुमची लॅब आठवली. मी नवीन आहे, एका आजीबाईंचा असाच आकडा मशीनवरून उतरवून सही करते आहे, आणि तुम्ही कागद ओढून घेता. "काहून सही केली? काच बघितली का?" "न्हाई, सर." "मंग तू कशाला पायजे इथं? मशीन हाय की!" सगळ्यांसमोर बोललात. मी रडत रडत रक्ताचा थेंब पसरलेली काच मायक्रोस्कोपखाली लावली, तर प्लेटलेट एकमेकींना चिकटून गठ्ठे झालेले. असे गठ्ठे मशीनला मोजताच येत नाहीत, हे मग तुम्ही शांतपणे समजावलंत.

परवा मी पेन खाली ठेवलं आणि काच रंगवली. लेन्सखाली तेच गठ्ठे. पण आईला हवं तेच दिसतंय की काय, अशी भीती वाटली, म्हणून लॅबमधल्या दुसऱ्या बाईंना बघायला लावलं. "व्हय ताई, गठ्ठेच हायत." नेहमीच्या नळीतल्या औषधानं कधीकधी असे गठ्ठे होतात, म्हणून वेगळ्या औषधाच्या, निळ्या झाकणाच्या नळीत पुन्हा रक्त घेतलं, हातानं मोजलं. ऐंशी हजारांच्या वर! डेंग्यू धोक्याच्या वळणावर गेला की होतं तसं रक्त घट्टही झालेलं नव्हतं. डॉक्टरांनी स्वतः काच पाहिली आणि म्हणाले, "राहू द्या इथंच. रोज मोजू."

आज सव्वा लाख आहेत. तिनं वरणभात मागून खाल्ला, आणि पुन्हा सुई टोचली म्हणून माझ्याशी कडाकडा भांडली. तिचं भांडण इतकं गोड कधी लागलं नव्हतं, सर.

हे पत्र पोस्टात पडणार नाही, म्हणूनच एक सांगून टाकते. तुम्ही काचेवरच्या शंभर पांढऱ्या पेशी एकेक करून मोजायला लावायचात ना, तेव्हा मी कित्येकदा साठच मोजायचे आणि उरलेल्या अंदाजानं भरायचे.